दांड्याचा मध्य

लोखंडाच्या एका दांड्याच्या टोकाला बरोबर मध्यावर एक भोक पाडायचं आणि त्या भोकात स्क्रू बसेल असे आटे पाडायचे, एवढंच काम होतं. दांडा वीतभर लांब, माझ्या करंगळीएवढा जाड. रविवारी चहा झाला की सुरू करायचं आणि आंघोळीच्या आधी संपवायचं, असा माझा हिशेब होता. आज सांगतो, त्या एका भोकाबद्दल मला जो आदर वाटतो, तो बावीस वर्षांच्या नोकरीत एकाही साहेबाबद्दल वाटलेला नाही.

आणि मी कोणी ऐरागैरा नाही. मी नकाशे काढतो. कचेरीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून मी आजवर इतक्या वर्तुळांचे मध्य काढलेत की कंपास हातात न घेताही माझी बोटं आपोआप फाकतात. त्यामुळे "तुम्हाला जमेल का हो?" असं बायकोने विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. ते हसू पुढे मला फार महागात पडलं.

मूळ भानगड सासूबाईंच्या शिलाई मशीनची. मशीन उत्तम चालत होतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो, कारण घरात या मुद्द्यावर पुष्कळ चौकशी झालेली आहे. पायाने हलवायच्या पट्टीजवळ जे मोठं चाक असतं, ते किंचित कुरकुरत होतं, एवढंच. चाक दांड्याच्या टोकावर एका स्क्रूने आवळलेलं. एका रविवारी मी स्क्रू घट्ट केला. मग वाटलं, आणखी थोडा करावा. मग पुरुषी स्वभाव आडवा आला आणि मी शेवटचा एक पीळ दिला. टक् असा अगदी बारीक आवाज झाला, स्क्रूचं डोकं माझ्या हातात आलं आणि धड आत राहिलं.

हातातला अर्धवट शिवलेला उशीचा अभ्रा सासूबाईंनी घडी घालून टोपलीत ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या आधीच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार वर्षांपूर्वी सासरे गेल्यावर जाड कापडाची एक बॅग आणि हे मशीन एवढंच घेऊन त्या आमच्याकडे आल्या. तेव्हापासून दुपारी दोन ते पाच त्यांचं मशीन चालणार म्हणजे चालणार. अख्ख्या इमारतीचे पडदे, अभ्रे, आखूड करायच्या विजारी, सगळं त्यांच्या हातून जायचं. लेकीच्या संसारात आपण नुसत्या बसून नाही, हे त्या मशीनच्या आवाजाने सगळ्यांना ऐकू जायचं. मुख्य म्हणजे त्यांना स्वतःला ऐकू जायचं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना शिवणाची आवड आहे.

मोडलेला स्क्रू काही निघेना, तेव्हा नवा दांडा करायचं ठरलं. लोखंडाच्या दुकानदाराने तेवढ्याच जाडीची सळई कापून दिली. मी एक मागितला होता. त्याने माझे हात पाहिले, शर्टाच्या खिशातली दोन पेनं पाहिली आणि म्हणाला, तीन न्या. मला ते लागलं, पण मी तीन घेतले.

ड्रिल मिळालं तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून. त्यांना आम्ही 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "मला अनुभव आहे" इथून निघतं. ड्रिल मात्र कोऱ्या खोक्यात होतं. ते वापरायचं तर इमारतीच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी लागते. त्यांचा एक छापील अर्ज आहे. भोक कोणत्या भिंतीला पाडणार, भिंत सामाईक आहे काय, भिंतीमागे कोण राहतं. मी तिन्ही ठिकाणी 'लागू नाही' लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, सगळंच लागू नसेल तर परवानगी कशाला देऊ? मी म्हटलं, मग नका देऊ, मी तसंच पाडतो. ते म्हणाले, परवानगीशिवाय ड्रिल चालवता येत नाही. या चक्रात चार दिवस गेले. शेवटी भिंतीच्या रकान्यात मी 'दांडा' लिहिलं, 'मागे कोण राहतं' समोर 'सासूबाई' लिहिलं आणि रविवारी दहा ते बारा अशी परवानगी मिळाली.

रविवारी दहाला अनुभवी स्वतः वर आले. दांडा धरायचा कशात, हा पहिला प्रश्न. त्यांना अनुभव होता. त्यांनी दांडा दाराच्या बिजागरीकडच्या फटीत घातला आणि बायकोला दाराला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. मी डोळा बारीक करून टोकावर मध्य हेरला. अनुभवी म्हणाले, जरा उजवीकडे. परवानगीची अंमलबजावणी बघायला आलेले सेक्रेटरी म्हणाले, जरा वर. करंगळीएवढ्या त्या वर्तुळाला त्या सकाळी तीन मध्य होते आणि तिघांचा आपापल्या मध्यावर पूर्ण विश्वास होता.

मी माझ्या मध्यावर ड्रिल टेकवलं. ते घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. मग सगळं अंग टाकून दाबलं तेव्हा कुठे ते आत शिरलं. मला वाटलं, जिंकलो. थोड्या वेळाने अनुभवी म्हणाले, हे काय चमकतंय? दांड्याच्या कुशीतून ड्रिलचं टोक बाहेर डोकावत होतं. शिरलो होतो टोकातून आणि निघालो होतो बरगडीतून. दाराची चौकट तडकली ती वेगळीच. बायको दारापासून बाजूला झाली आणि पाठ चोळत आत गेली. तिने त्या दिवशी दोन्ही वेळा जेवायला वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या मते चूक उघड होती. मी मध्य नजरेने हेरला होता, आखला नव्हता. बुधवारी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, मी दांड्याच्या मापाचं वर्तुळ उत्तम कागदावर काढलं. बारीकातली बारीक निब घेतली, दोन व्यास आखले, मध्यावर टिंब दिलं. खाली सवयीने सही आणि तारीख टाकली. वर्तुळ इतकं सुंदर झालं होतं की मी ते जरा लांब धरून पाहिलं. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. परत येतो तर टेबलावरचे सगळे कागद शिपाई वर घेऊन गेला होता.

शुक्रवारी तो कागद तीन सह्या आणि एक शिक्का घेऊन परत आला. नकाशात वर्तुळ आणि मध्ये टिंब म्हणजे विहीर, हे आमच्या कचेरीत शेंबडं पोरही सांगेल. साहेबांनी लाल शाईत लिहिलं होतं, "सदर विहीर वापरात आहे किंवा कसे, खुलासा करावा." विहीर नाही म्हणावं तर मग सही-तारखेनिशी काय काढलंत, हा प्रश्न येणार. आहे म्हणावं तर कुठे आहे? मी कागद खणात सारला आणि घरी नवं वर्तुळ काढलं.

तिसऱ्या रविवारी ते वर्तुळ मी दुसऱ्या दांड्याच्या टोकावर डिंकाने चिकटवलं, टिंबावर खिळा ठेवून हलकी ठोक दिली आणि ड्रिल टेकवलं. दांडा या वेळी टेबलाच्या खणात पुस्तकांच्या दाबाखाली धरला होता. भोक पडलं. जरासं एका बाजूला होतं, पण दांड्याच्या आत होतं. मला भरून आलं. आता आटे पाडायचे. त्यासाठी टॅप म्हणून एक पोलादी हत्यार मिळतं, स्क्रूसारखंच, पण अंगावर धार असलेलं. तो भोकात घालून फिरवायचा. मी फिरवला. छान जात होता. जोर लागायला लागला तसा मीही जोर लावला. त्या घरात दुसऱ्यांदा टक् असा बारीक आवाज झाला.

टॅप मोडून आत राहिला. अनुभवी म्हणाले, मला अनुभव आहे, आता हा निघत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरं बोलले होते.

सोमवारी रात्रीची भांडी आवरताना सासूबाईंनी बायकोला सांगितलं, की त्या धाकट्या बहिणीकडे जाणार आहेत. शनिवारची साडेचारची गाडी. किती दिवस, असं बायकोने विचारलं. त्यांनी ताट पुसून ठेवलं, दुसरं घेतलं आणि म्हणाल्या, "हाताला काम नसलं की बसल्या घरात माणूस जड होतं गं." बायको माझ्याकडे आली आणि हे वाक्य जसंच्या तसं मला सांगून तोंड फिरवून झोपली. मी छताकडे बघत पडलो. एक स्क्रू जरुरीपेक्षा जास्त पिळला म्हणून एक बाई घर सोडून चालली होती. मला माझीच लाज वाटली.

टॅप विकत घेताना दुकानदाराने मला सांगितलं होतं, की बसस्टँडच्या मागे लेथवर लोखंड फिरवून कातणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे जा. मी गेलो नव्हतो. मध्य काढून पोट भरणाऱ्या माणसाने दुसऱ्याकडे मध्य काढून मागायचा, तोही रस्त्यावरच्या शेडमध्ये, हे मला जमेना. शनिवारी मात्र मी तिन्ही दांडे, नवा स्क्रू आणि नवा टॅप वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले. साडेतीनला सासूबाईंची बॅग उचलून निघालो. स्टँडवर गाडीला अजून पाऊण तास होता. मी म्हटलं, आई, मागच्या गल्लीत पाच मिनिटांचं काम आहे, येता का? त्या आल्या. बॅग मात्र त्यांनी माझ्या हातातून आपल्या हातात घेतली.

शेड लांबट आणि अंधारी. जमिनीवर लोखंडाच्या चुरचुरीत कुरळ्या साली पडलेल्या, तेलाचा वास. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अंगात जाड एप्रन, त्याचा खिसा एका बाजूने उसवून लोंबत होता. त्यांनी माझं गाठोडं उघडलं. पहिला दांडा उजेडाकडे धरून टोकातून पाहिलं, मग बरगडीतून पाहिलं. दुसऱ्यातल्या मोडक्या टॅपवर नख फिरवलं. कोणी केलं, असं विचारलं. मी म्हटलं, ओळखीच्या एका गृहस्थांनी.

माझ्या मागून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या जावयांनी केलं. तीन रविवार घातलेत त्यांनी."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. मी वळून पाहिलं तर त्या छातीशी बॅग धरून, मान ताठ करून उभ्या होत्या. चार वर्षांत त्यांनी माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नव्हतं, आणि घेतली ती नेमकी अशा कर्तबगारीवर.

बाईंनी चष्मा लावला. लेथवर दुसऱ्याचं मोठं काम बांधलेलं होतं, ते काढता येणार नव्हतं. मला वाटलं, झालं. पण त्या कोपऱ्यातल्या ड्रिलिंग मशीनकडे गेल्या. मी पुढे होऊन म्हटलं, मध्याची खूण करून देऊ का? माझ्या खिशात आणखी एका वर्तुळाचा कागद तयार होता.

"खूण करायचीच नाही," बाई म्हणाल्या. "खूण केली की चुकते."

बावीस वर्षं ज्यावर जगलो, ते त्यांनी एका वाक्यात काढून बाजूला ठेवलं. मग त्यांनी जे केलं ते सांगतो. त्यांनी ड्रिल, म्हणजे भोक पाडणारी नुसती पोलादी काडी, उलटं घेतलं, टोक वर, शेपूट खाली. मशीनमध्ये ड्रिल पकडायची जी तीन दातांची मूठ असते, तिच्यात ते तसंच उलटं धरलं. मूठ हलकेच खाली आणली, शेपूट टेबलावरच्या शिकंज्यात आवळली आणि शिकंजा टेबलाला बोल्टने पक्का केला. मग मूठ सैल करून वर नेली. ड्रिल शिकंज्यात उभंच राहिलं, टोक वर करून, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं. आणि जिथे ड्रिल असायला हवं त्या मुठीत त्यांनी माझा तिसरा दांडा अडकवला.

मी म्हटलं, बाई, उलटं झालंय. त्यांनी बटण दाबलं.

दांडा फिरू लागला. ड्रिल गप्प उभं. बाई तरफ हळूहळू खाली आणत होत्या आणि दांडा आपलं टोक घेऊन त्या ड्रिलवर उतरत होता. मला वाटलं, आता घसरणार. ते घसरलं नाही. घसरायला जागाच नव्हती. सगळं टोक फिरत होतं, त्यात एकच ठिपका असा होता जो फिरूनही जागेवरच होता, आणि ड्रिल नेमकं त्याच ठिपक्याखाली उभं होतं. मध्य कोणी शोधला नव्हता. दांड्याने तो स्वतः दाखवला होता. बारीक चंदेरी साली ड्रिलच्या अंगावरून खाली उतरत होत्या. मी कंपास घेऊन जन्मभर ज्याच्या मागे धावलो, ते माझ्या डोळ्यांदेखत आपणहून समोर आलं.

सासूबाई पुढे सरकल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "कोपऱ्यावर आम्ही सुई आत ठेवतो आणि कापड फिरवतो. तसंच."

बाईंनी मशीन बंद केलं, चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, अगदी तसंच. मला कोणी विचारलं नाही.

मग जाड ड्रिल लावून भोक मोठं झालं. त्यानंतर त्याच रीतीने शिकंज्यात नवा टॅप उभा राहिला. वीज बंद करून बाईंनी मूठ हाताने फिरवायला मला सांगितलं. मी मागे झालो. म्हटलं, माझ्या हातून मोडतो. त्या म्हणाल्या, मोडतो कारण तुम्ही नुसते पुढे जाता. अर्धा फेरा पुढे, मग पाव फेरा मागे. मागे घेतलं की आतला चुरा तुटतो आणि वाट मोकळी होते.

मी हात लावला. तेलाचा थेंब पडला. अर्धा पुढे, पाव मागे. मागे घेताना आतून कुट् असा आवाज यायचा आणि मी थांबून टॅप धड आहे ना बघायचो, पण दर वेळी पुढचा अर्धा फेरा आधीपेक्षा हलका जायचा. मला त्या पहिल्या रविवारचा तो शेवटचा पीळ आठवला. तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर? कोणी सांगितलं नसतं असंही नाही. मीच विचारलं नव्हतं.

शेवटी बाईंनी दांडा सोडवून फुंकर मारली आणि स्क्रू माझ्या हातात दिला. तो दोन बोटांनी आत गेला, सरळ, पार शेवटपर्यंत. त्यांनी दांडा लोखंडी पाटावर ठेवून ढकलला. दांडा घरंगळत गेला आणि टोकाचं स्क्रूचं डोकं जराही वरखाली झालं नाही. मी तो उचलून पुन्हा ढकलला. चार वेळा ढकलला. तरी तसंच. मी कोणाच्या पाया पडणाऱ्यातला नाही, पण त्या मशीनला मनातल्या मनात नमस्कार केला.

मला वेळेचं भान आलं तेव्हा पाच वाजायला आले होते. मी घाबरून म्हटलं, आई, गाडी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बाईंच्या एप्रनकडे बघत होत्या.

"खिसा उसवलाय तुमचा," त्या म्हणाल्या. "काढून द्या. उद्या देते शिवून."

बाईंनी एप्रन काढून दिला. माझ्याकडून मात्र काही घेतलं नाही. सासूबाईंनी एप्रनची घडी घालून बॅगेवर ठेवली आणि माझ्या पुढे चालू लागल्या, घराच्या दिशेने. मी दांडा हातात धरून मागे.

रविवारी दुपारी चाक बसवलं. स्क्रू मी बोटांनी घट्ट केला, मग पान्याने थोडा, आणि थांबलो. थांबणं किती अवघड असतं हे मला आता ठाऊक आहे. दोन वाजता सासूबाई बसल्या. तीन आठवड्यांनी तो आवाज घरात आला. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात, त्या तडकलेल्या चौकटीला टेकून उभी राहिली. चाक अलगद फिरत होतं.

चार वाजता एप्रन तयार झाला. नवा खिसा चांगला दणकट, त्याला एक चेनही होती. चेन मला ओळखीची वाटली. मी टोपलीत पाहिलं. सासूबाईंची बॅग तिथे चार तुकडे होऊन पडली होती.

"आई, बॅग कापलीस?" बायको म्हणाली.

"जाड कापड दुसरं नव्हतं घरात," त्या म्हणाल्या, मान वर न करता.

कपाटात पडद्याच्या जाड कापडाचे दोन तुकडे पडून होते. ते त्यांनीच घड्या घालून ठेवले होते, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बायको आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सोमवारी मी कचेरीत खणातून तो लाल शाईचा कागद काढला. खुलासा द्यायची मुदत उलटून गेली होती. वर्तुळ अजूनही सुंदर दिसत होतं, टिंब बरोबर मध्यावर. सदर विहीर वापरात आहे किंवा कसे. मी पेन उघडलं, खाली लिहिलं, "वापरात आहे", आणि सही केली.